केसांचा ब्रोच आणि चष्म्याची बोली

लिलावात दोनच गोष्टी लागतात, नजर तयार हवी आणि चेहरा दगडाचा हवा, असं लेनर्ड टिडमार्श सगळ्या वेनबरी गावाला सांगत फिरायचा. आपल्याकडे दोन्ही गोष्टी ठासून भरल्या आहेत याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. आणि का असावी? सत्तावीस वर्षं हा माणूस ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेत होता! शेजारच्या सीटवर बसून, भुवईसुद्धा न हलवता, त्यानं अर्ध्या गावाला नापास केलं होतं. उरलेलं अर्धं गाव गाडी शिकायलाच गेलं नाही, म्हणून वाचलं.

"तिथे येणारे सगळे भावनेच्या भरात बोली लावतात, म्युरिएल. मूर्ख लेकाचे!" तो बायकोला म्हणायचा. "मी गेलो ना, तर वीस पौंडांची वस्तू पाचात आणीन."

"हो का? मग आधी बागेतलं गवत काप," म्युरिएल म्हणायची.

निवृत्त झाल्यावर लेनर्डला टोमॅटोचं वेड लागलं. इंग्लंडातल्या उन्हावर टोमॅटो पिकत नाहीत, ते नुसते हिरवे राहून माणसाची परीक्षा बघतात. त्यांना काचघर लागतं. त्यासाठी लेनर्डनं दोन वर्षं पोटाला चिमटा काढून चारशे दहा पौंड जमवले होते, आणि थोडेसेच कमी पडत होते. तेवढ्यात त्याला कपाटाच्या खालच्या खणात बिस्किटांचा एक जुना डबा सापडला. आत तुटक्या माळा, जोड हरवलेली कानातली, आणि अंड्याएवढा एक काळा ब्रोच. ब्रोचच्या काचेखाली काय, तर मेलेल्या माणसाच्या केसांची वेणी! करडी, मध्येच तांबूस. लेनर्डला शहारे आले.

"अडगळ!" असं म्हणून त्यानं डबा उचलला आणि थेट लिलावाच्या हॉलवर नेऊन दिला. दागिने म्युरिएलचे, म्हणून फॉर्मवर विकणाऱ्याच्या जागी त्यानं म्युरिएलचंच नाव लिहिलं. खोटा फॉर्म भरणं या माणसाच्या रक्तातच नव्हतं. म्युरिएलला मात्र तो एका शब्दानं बोलला नाही. पैसे आले की सांगू, खूश होईल, हा त्याचा हिशेब.

मंगळवारी सकाळी म्युरिएल टोस्टला मुरंबा लावत म्हणाली, "रविवारी ऑटोलीन मावशी चहाला येतेय. पणजीचा ब्रोच काढून ठेवायला हवा."

"कुठला ब्रोच?"

"अरे, केसांचा. मावशीनं लग्नात दिलेला. ती येते तेव्हा दर वर्षी घालते की मी." आणि तिनं असा काही सुस्कारा सोडला की लेनर्डच्या घशात टोस्ट अडकला. "तीस वर्षं जिवापाड जपलाय रे मी तो!"

झालं! म्युरिएल चिडली असती तर त्यानं सोसलं असतं. पण ती रडेल, आणि रडताना एक अक्षर बोलणार नाही, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं. ती बागेत जाताच त्यानं हॉलला फोन लावला. हॉलचं ऑफिस मिस प्रॉसर सांभाळायच्या. वय पन्नाशीपुढे, आवाज सरकारी.

"माल परत हवा तर ज्यांच्या नावावर आहे त्यांची सही लागेल," मिस प्रॉसर म्हणाल्या. "मिसेस टिडमार्शना फोन देता का?"

"न-नको! ती आंघोळीला गेलीय."

"बरं, मग संध्याकाळी करते मी."

"संध्याकाळीही ती आंघोळीलाच असते!"

"मग लिलाव गुरुवारी आहे, मिस्टर टिडमार्श. आणि विकणाऱ्याच्या घरच्यांनी स्वतःच्याच मालावर बोली लावायची नाही, हा नियम ठाऊक आहे ना?"

ठाऊक होता. म्हणूनच गुरुवारी, ऐन जूनच्या उन्हात, गळ्याभोवती लोकरीचा मफलर, कपाळापर्यंत टोपी आणि मेव्हण्याचा काळ्या फ्रेमचा जाड चष्मा, अशा थाटात एक अनोळखी गृहस्थ हॉलच्या टेबलापाशी उभे राहिले.

"नाव?" मिस प्रॉसरनी विचारलं.

"स्मिथ."

"छान." त्यांनी लिहून घेतलं. "मिस्टर स्मिथ, तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तुम्ही मला आरशात बघितलं नाही म्हणून नापास केलं होतंत."

"तुमची काहीतरी गल्लत होतेय."

"होत असेल. स्मिथ म्हणजे स्मिथ. आम्ही कोण विचारणारे!" असं म्हणून त्यांनी त्याच्या हातात सत्त्याहत्तर नंबरचं कार्ड ठेवलं.

पण कार्ड वर करणं हे नवशिक्यांचं काम! लेनर्डनं वाचनालयात बसून दोन दिवस अभ्यास केला होता. लंडनमधली दागिन्यांची बडी गिऱ्हाइकं म्हणे हात हलवतच नाहीत. लिलाव पुकारणाऱ्याशी आधीच खूण ठरवतात. कुणी पेन्सिल दातात धरतो, कुणी कोटाचं बटण लावतो. लेनर्डनं चिठ्ठी लिहिली, 'माझा चष्मा डोळ्यांवर आहे तोवर माझी बोली चालू समजावी. चष्मा काढला की मी थांबलो,' आणि ती मिस प्रॉसरच्या हाती वर पाठवली.

लिलाव पुकारायला वर हातोडा घेऊन बसल्या होत्या मिस फ्यूट्रेल. लेनर्डनं त्यांना चार वेळा नापास केलं होतं. चारही वेळा! बाई अजून पावसापाण्यात सायकल हाणत हॉलवर यायच्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, तिसऱ्या रांगेतल्या मफलरकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळून निघाला.

लेनर्डचा ब्रोच एकशे बारा नंबरवर होता. पुकारा चालला होता एकशे पाचवर. अजून अवकाश आहे म्हणून तो यादी वाचत बसला. वाचायला चष्मा लागतोच.

"तुटके कफलिंक, एक ट्रे! पाच पौंड. सहा. सात. एक वार, दोन वार... चष्मेवाल्या साहेबांना!" हातोडा पडला.

"जोड नसलेली कानातली, एक खोका... चष्मेवाल्या साहेबांना!"

लेनर्ड शेजारच्या बाईंकडे झुकला. या मिसेस ऑन्स्लो, दर गुरुवारी येऊन विणकाम करत बसायच्या आणि कधी काही घ्यायच्या नाहीत. "बघा, बघा!" तो कुजबुजला. "कोण आहे हो हा चष्मेवाला? दिसेल ते घेत सुटलाय. भावनेच्या भरात! असल्या माणसाला घरच्यांनी आवरायला नको का?"

"हॅटच्या पिना, चाळीस, गंजलेल्या... चष्मेवाल्या साहेबांना!"

"गंजलेल्या!" लेनर्डला हसू आवरेना. "आता या गंजलेल्या पिना घेऊन काय करणार तो गाढव?"

मिसेस ऑन्स्लोंनी एक ओळ विणून पुरी केली. "तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "अख्ख्या हॉलमध्ये चष्मा घातलेले तुम्ही एकटेच आहात."

लेनर्डनं इतक्या झटक्यात चष्मा ओढला की टोपीही खाली आली. तोवर सात नग त्याच्या नावावर चढले होते. सात! अठ्ठेचाळीस पौंड! काचघराचा दरवाजा गेला. आणि टोपी गेल्यामुळे, मागे चहाच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या जुन्या दागिन्यांच्या व्यापाऱ्यांना, विशेषतः गिटिन्सला, तो आरपार दिसला. गिटिन्स दोनदा नापास. त्याला अजून बायको गाडीतून आणून सोडायची.

"टिडमार्श आहे तो!" गिटिन्सचा दबका आवाज लेनर्डला स्पष्ट ऐकू आला. "हा माणूस तीनदा मागे-पुढे बघितल्याशिवाय रिकामा रस्ता ओलांडत नाही. वेश बदलून आलाय, कचरा उचलतोय, म्हणजे वेड पांघरतोय! खरा डोळा कशावर आहे ते बघा फक्त. त्याला काहीतरी कळलंय."

"नग एकशे बारा!" मिस फ्यूट्रेल गरजल्या. "शोकाचा ब्रोच. काळ्या जेट दगडाचा, काचेखाली केस. केस कुणाचे, माहीत नाही. कोण म्हणतंय दहा?"

लेनर्डनं चष्मा चढवला.

"दहा, चष्मेवाले साहेब!"

"वीस!" गिटिन्स.

"तीस, साहेब!"

"पन्नास!"

"कुणाचे केस असतील रे?" मागे कुणीतरी पुटपुटलं.

"साधे नसणार," गिटिन्स म्हणाला. "त्याचा चेहरा बघ. भुवई हलत नाहीये. अॅडमिरल-बिडमिरलचे असणार!"

बस्स! 'अॅडमिरल' हा शब्द मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत यायला अर्धं मिनिट पुरलं. शंभरला दोन बायका उतरल्या. दीडशेला पाद्रीबुवा उतरले. लेनर्ड जागचा हलला नव्हता, बोलला नव्हता, नुसता चष्मा घालून बसला होता, आणि पैसे चालले होते. दोनशेला काचघराची एक भिंत गेली. अडीचशेला दुसरी. मफलरच्या आत त्याला दरदरून घाम फुटला, चष्म्यावर वाफ धरली, समोर नुसतं धुकं. पुसावं तर चष्मा काढावा लागणार! काढला की संपलं! त्याच्या डोळ्यांसमोर म्युरिएल न बोलता रडत होती.

"तीनशे वीस!" धुक्यातून गिटिन्स ओरडला.

"तीनशे चाळीस, साहेब!"

"साडेतीनशे!"

त्याच वेळी मफलरची लोकर नाकात गेली. लेनर्ड असा शिंकला की चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर लटकला.

मिस फ्यूट्रेलनी हातोडा हवेतच थांबवला. "एक प्रश्न आहे," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "साहेबांनी कळवलंय की चष्मा डोळ्यांवर तर बोली चालू, काढला तर बंद. आता चष्मा नाकावर आहे. सभागृहाचं काय मत?"

"बंद!" गिटिन्स.

"कानाला आहे तोवर चालूच धरावा," पाद्रीबुवा म्हणाले.

"परीक्षेत असं अर्धवट चालायचं का?" मिस प्रॉसरनी दारातून विचारलं. "अर्धवट ब्रेक दाबला तर पास करायचे का ते?"

"चालू! चालू! चालू!" लेनर्ड खुर्चीवरून उठून, दोन्ही हातांनी चष्मा डोळ्यांवर दाबत किंचाळला. "बाई, चालू आहे हो! मी पाया पडतो!"

वेनबरीत भर हॉलमध्ये असा ओरडा कुणी कधी ऐकला नव्हता. गिटिन्ससुद्धा वरमला. त्यानं टोपी काढली आणि नकारार्थी मान हलवली.

"तीनशे साठ. एक वार... दोन वार... मिस्टर स्मिथ यांना!"

हॉलनं टाळ्या वाजवल्या. लेनर्ड टेबलापाशी जाऊन चेक लिहू लागला, तर मिस प्रॉसरनी चेक हातात धरून दोनदा वाचला. "नाव स्मिथ आणि सही टिडमार्श! हा चालायचा नाही, मिस्टर स्मिथ. रोख आणा."

शुक्रवारी बँक झाली. शनिवारी त्यानं माल आणला, सात खोकी बागेतल्या खोपटात गवत कापायच्या यंत्रामागे दडवली आणि ब्रोच पँटच्या खिशात घातला. आता नुसता खणात ठेवायचा. पण म्युरिएल कपाटापासून हलेल तर शपथ! मावशी येणार म्हणून ती कपाटच आवरत बसली होती. वर गाणं गुणगुणत होती. रात्री तिनं त्याच्या आवडीचं जर्दाळूचं पुडिंग केलं. लेनर्डला ते गिळवेना.

रविवारी चारला अठ्ठ्याऐंशी वर्षांची ऑटोलीन मावशी आली, खुर्चीत बसली आणि म्युरिएलच्या गळ्याकडे बघू लागली. गळा रिकामा. लेनर्डचा हात खिशात गेला. आता उठायचं, 'हा बघ, खणामागे पडला होता!' म्हणायचं, आणि सुटायचं.

"मावशी," म्युरिएल कप खाली ठेवत म्हणाली, "तुला एक सांगायचंय. रागावू नकोस. लेननं तो ब्रोच विकून टाकला."

लेनर्ड अर्धवट उठलेला तसाच खाली बसला. ब्रोचची पिन मांडीत घुसली.

"गुरुवारी हॉलवरून फोन आला, मिसेस टिडमार्श, तुमचा ब्रोच गेला म्हणून," म्युरिएल सांगत होती. "लेन, तू बोलला नाहीस, म्हणून मीही बोलले नाही. पण तुला कसं रे कळलं? तीस वर्षं मला त्या ब्रोचची किळस यायची! मावशीला वाईट वाटू नये म्हणून घालत होते."

"मला वाईट?" मावशी ताठ झाली. "अगं, मला तो घरात नको होता म्हणून तर तुझ्या गळ्यात मारला! पण तू दर वर्षी इतक्या हौसेनं घालून बसायचीस, म्हणून मी आपली किळस चहाबरोबर गिळायची."

"हौसेनं? लग्नात घेताना मी रडत होते!"

"मला वाटलं, तुला भरून आलंय."

दोघी हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. लेनर्डही हसला. त्याला पिन काढायची सोय नव्हती.

"आणि मावशी, ऐक तर! तीनशे साठ पौंडांना गेला! कुणीतरी ठार वेडा माणूस होता म्हणे. मफलर गुंडाळून आला होता आणि पाया पडत होता. मिस प्रॉसरनी नाव नाही सांगितलं, नियम नाही म्हणाल्या. पण सांगताना किती हसत होत्या!"

मावशीनं घाईघाईनं हातातली पर्स उघडली आणि टेबलावर एक करडं वेटोळं ठेवलं. "मग हा हारही घाल लिलावात! आजोबांच्या दाढीचा आहे. कुणाच्या गळ्यात मारावा, या विचारात होते मी."

"पुढच्याच गुरुवारी घालू. पुन्हा येईल तो!" म्युरिएलचे डोळे चमकले. "आपण दोघी पहिल्या रांगेत बसू. मला त्याचं तोंड बघायचंय एकदा. लेन, नेशील ना रे गाडीनं आम्हाला?"

लेनर्डनं खिशावर हात दाबून धरला.

"पुढच्या गुरुवारी," तो म्हणाला, "मला बरं नसणार आहे."