सातशे चारचा ग्रह

सईने फोनवर समजावलं तेव्हा मधुकर सबनीसांना ते फारच सोपं वाटलं, आणि घोळाला तिथूनच सुरुवात झाली.

सई त्यांची एकुलती एक मुलगी. नेदरलँड्समध्ये ती दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर संशोधन करत होती. ग्रह कसले, तर गुरूएवढे अवाढव्य, आणि तरी आपल्या ताऱ्याला चिकटून गरागरा फिरणारे. "बाबा, तो ग्रह दिसत नाहीच रे. तो ताऱ्यासमोरून गेला की उजेड किंचित मंद होतो. किती वेळाने होतो, किती होतो, एवढं लिहीत राहायचं. बाकी सगळं त्यावरून काढता येतं." मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला, "आणि तू संध्याकाळी काय करतोस?"

"अगं, मला वेळ कुठे असतो! सहा ते आठ आमची मंडळी जमतात ना खाली," सबनीस म्हणाले.

अशी कुठलीही मंडळी नव्हती. उलव्यात येऊन दोन वर्षं झाली होती, बायको जाऊन दीड. सोसायटीत त्यांना नावाने हाक मारणारा एकच, कुरिअरवाला, आणि तोही पार्सलवर वाचून.

तेव्हा या न जमणाऱ्या मंडळींच्या वेळात त्यांनी सईच्या पद्धतीचा सराव करायचं ठरवलं. रविवारी लेकीशी बोलायला काहीतरी विषय नको का? नव्या विमानतळावरची विमानं बघायला घेतलेली दुर्बीण त्यांनी समोरच्या बी विंगवर रोखली. सातशे चारच्या पातळ पडद्याआड एक दिवा होता, आणि दर चाळीस सेकंदांनी त्याचा उजेड मंद होत होता. सबनीस हरखले. तीन आठवडे त्यांनी नेमाने वही भरली. मग सुट्टीच्या एका संध्याकाळी सातशे चारच्या उज्वला जगतापला समोरून रोखलेली दुर्बीण दिसली, आणि रविवारी सकाळी सबनीस वहीसकट सोसायटीच्या ऑफिसात उभे राहिले.

सेक्रेटरी रोहनने वही उघडून मोठ्याने वाचायला घेतली. "'आकार अवाढव्य. दिव्याला फारच चिकटून फिरतो. वातावरण चांगलंच तापलेलं असणार, वायू सुटत असणार.'"

"अहो, माझे सासरे फेऱ्या मारतात तिथे!" उज्वला ओरडली. शेजारच्या खुर्चीत तिचे सासरे हौसेराव बसले होते. खुर्ची जेमतेम पुरत होती.

"'हा मूळचा इथला नाही. एवढं मोठं धूड इतक्या जवळ तयार होऊच शकत नाही. लांब कुठेतरी जन्मून सरकत सरकत इकडे आलेला आहे.'" रोहनने वर पाहिलं. "काका, हे जरा जास्तच होतंय हं."

"साताऱ्याकडनं आलो," हौसेराव गंभीरपणे म्हणाले. "पन ह्यांना कसं कळलं?"

सबनीसांनी तारा, ग्रह, उजेड, सगळं सांगून पाहिलं. कोणाचाच विश्वास बसेना.

"एक काम करू," रोहन म्हणाला. "तुमच्या मुलीलाच विचारू ना डायरेक्ट. नंबर द्या."

सबनीसांनी घाईने हात आडवा केला. "तिला नको. हवं तर पोलिसांना बोलवा!"

यामुळे संशय उलट पक्काच झाला. व्हिडिओ कॉल लागला. तिकडे सकाळचे साडेसात वाजले होते. सई डोळे चोळत उठली आणि सगळं ऐकून खो खो हसत सुटली. "अहो, ही माझीच पद्धत आहे! दाखवा ना वही."

रोहनने एकेक पान फोनसमोर धरलं. सोमवार, सहा ते आठ. मंगळवार, सहा ते आठ. बुधवार, सहा ते आठ. सईचं हसू हळूहळू मावळलं.

"बाबा, रोज तू खिडकीतच बसलेला होतास? मग ती मंडळी?"

दुर्बिणीची चोरी पकडली गेली त्याचं सबनीसांना एवढं वाटलं नव्हतं. एकटेपणाची पकडली गेली तेव्हा मात्र त्यांची मान वर होईना.

रोहनने घाईने पुढची ओळ वाचली. "'गुरुवार. आज एकदाही अंधारलं नाही. बरं नसेल का? कोणाला विचारावं?'"

"गुरुवारी आमच्या बाबांना ताप होता," उज्वला हळू आवाजात म्हणाली. "आम्हाला कळलं नऊला, ऑफिसातून आल्यावर."

हौसेराव खुर्चीतून सुटून उठले. मुलगा-सून दिवसभर कामावर, खाली उतरावं तर ओळखीचं माणूस नाही, म्हणून गडी घरातच चालत होता. त्यांनी रोहनच्या हातातून फोन घेतला आणि सवयीने कानाला लावला. सईला नेदरलँड्समध्ये फक्त एक भला मोठा कान दिसला.

"पोरी," हौसेराव म्हणाले, "तुझं वडील खोटं न्हाई बोललं. सा ते आठ आमी रोज संगट असतो. मी तिकडं चालतो, हे हिकडनं बघत्यात. बोलनं तेवढं राहिलं हुतं."