दोनशे चौदा नंबरची खोली

"दोनशे चौदा नाही म्हणजे काय?" वेंडेल हूपरने हॉटेलच्या काउंटरवर दोन्ही कोपरं रोवली.

"आत्ताच गेली हो, हूपरसाहेब. तीनशे अठरा देते. खिडकीतून नदी दिसते."

"जानेवारीत? नदी गोठलीय, बाई. तिच्यात काय बघायचंय?"

वेंडेल ओमाहाचा. कारखान्यांना मोठाले वजनकाटे विकायचा आणि निम्मं आयुष्य हॉटेलांत काढायचा. देश कुठलाही असो, गाव कुठलंही असो, खोली दोनशे चौदाच घ्यायची, हा त्याचा नेम. नंबर लक्षात ठेवायची कटकट नाही, पाय आपोआप दारापर्यंत नेतात. प्रवासाबद्दल कुणी काही सांगायला गेलं, की तो नाकाने कांदे सोलायला लागे. शेवटी कुरकुरत त्याने तीनशे अठराची किल्ली घेतली आणि बायकोला फोन लावला.

"खोलीपायी डोकं फिरवून घेऊ नकोस," डार्लीन म्हणाली. "उद्याची ऑर्डर गेली तर तुझे साहेब कॅनडातली सगळी विक्री आपल्या भाच्याच्या घशात घालणार आहेत. लक्षात आहे ना?"

"अगं, मी काय काल प्रवासाला लागलो? निवांत झोप."

ऑर्डर होती लॉयड क्रेमरच्या वेफर्सच्या कारखान्याची. कारखाना इथे, कॅनडातल्या ब्रँडन गावात, मालक राहायला दूर विनिपेग शहरात. फोनवर बोलणं झालं होतं, गाठ पहिल्यांदाच पडणार होती.

सकाळी नाश्त्याला एक म्हातारबाबा वॉफलच्या यंत्रापुढे गोंधळून उभे होते. वेंडेलला कुठे राहवतंय!

"सरका काका, मी दाखवतो. असल्या यंत्रांवर जन्म गेलाय माझा."

त्याने झोकात दांडी फिरवली आणि सगळं पातळ पीठ स्वतःच्या पोटावर घेतलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

"असं करायचं नाही, हेच दाखवायचं होतं ना?" म्हातारबाबांनी विचारलं.

उत्तर द्यायला वेळ नव्हता. वेंडेल जिन्याने धावत सुटला. डोक्यात ऑर्डर, त्यामुळे कारभार सगळा पायांकडे, आणि पायांनी त्याला नेमाप्रमाणे दोनशे चौदापाशी आणून सोडलं. दार उघडंच होतं. सफाईवाली रोझालिंदा चादरी बदलत होती.

"चालू द्या तुमचं. मी इथे नाहीच असं समजा," वेंडेल ऐटीत म्हणाला. कपाटात इस्त्रीचा निळा शर्ट लटकत होता. फिरतीवरच्या सगळ्याच पुरुषांकडे असतो तसला. बाथरूममध्ये त्याने तो अंगात चढवला, पिठाचा तिथेच टाकला आणि शीळ घालत कारखान्यात पोचला. शर्ट जरा ढगळ वाटला, तेव्हा आपण बारीक झालो असं समजून तो खूशच झाला.

क्रेमर आला तो हॉकीची जर्सी घालून, आणि तीही पोटावर ताणलेली. हात मिळवून तो मटकन खुर्चीत बसला.

"माफ करा हं, अवतार असा आहे. सकाळी हॉटेलच्या तलावात पोहायला गेलो, तेवढ्यात कुणीतरी खोलीतून माझा शर्ट लंपास केला."

"काय सांगता! कुठल्या खोलीत उतरलात?"

"दोनशे चौदा. पण सापडेल तो. बायकोने बाहीचं बटण लाल दोऱ्याने शिवलंय. लाखात ओळखेन."

वेंडेलने हळूच मनगटाकडे पाहिलं. लाल दोरा! त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ऑर्डर, कॅनडा, साहेबांचा भाचा, सगळे डोळ्यांपुढून फिरले. त्याने दोन्ही बाह्या घाईघाईने कोपरापर्यंत दुमडल्या.

"उकडतंय?" क्रेमरने विचारलं. बाहेर उणे तीस होतं.

"कामाला लागायचं म्हणजे बाह्या वर हव्यात!"

"हे आवडलं आपल्याला. चला, बटाट्याचं कोठार दाखवतो. कोट कशाला? दोन मिनिटांचं काम."

कोठारात शीतपेटीसारखा गारठा होता. क्रेमर एकेका ढिगापुढे थांबून बटाट्याची सात पिढ्यांची कुळकथा सांगत होता. वेंडेलच्या हातांवर काटा आला, दात वाजू लागले, पण बाह्या काही खाली आल्या नाहीत. तशाच अवस्थेत त्याने काट्याची अचूकता, हमी, दुरुस्ती, सगळं कडकडत सांगितलं, आणि एक शब्द गाळला नाही.

"बाह्या खाली घ्या ना."

"छे छे! आमच्या ओ-ओमाहात याला वसंत म्हणतात."

शेवटी क्रेमरला हसू आवरेना. ऑफिसात परतल्यावर त्याने एक कागदी पिशवी पुढे सरकवली. आत पीठ वाळून पापडासारखा झालेला शर्ट होता.

"खिशात तुझी कार्डं होती, हूपर. मी इथे आलो तेव्हाच मला सगळं ठाऊक होतं. म्हटलं, गडी किती वेळ तग धरतो बघू."

वेंडेलला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"साहेब, पाय चुकले हो. मी सगळीकडे दोनशे चौदाच घेतो."

"मीसुद्धा! कुठल्याही गावात. काल कुणीतरी तिच्यासाठी काउंटरवर भांडत होतं म्हणे. तूच ना तो?" क्रेमरने पेन उचललं. "माझाच शर्ट घालून, कुडकुडत, मलाच काटे विकतोस. अशा माणसाला नाही कसं म्हणू? ऑर्डर तुझी. पण दोनशे चौदा माझी. सगळ्या गावांतली. कबूल?"

वेंडेलने मान डोलावली आणि बाह्या खाली सोडल्या.

पुढच्या महिन्यात नॉर्थ डकोटातल्या एका आडगावच्या हॉटेलात तो छाती काढून म्हणाला, "तीनशे अठरा द्या."

"साहेब, आमचे दोनच मजले आहेत," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "दोनशे चौदा रिकामी आहे. देऊ?"

वेंडेलने बॅग परत उचलली.

"नको," तो म्हणाला. "तिच्यात माणूस आहे."