बिनकडीचं घर

व्यंकटबापूंच्या घरी भाड्यानं राहायला गेले, त्या पहिल्याच सकाळी मी न्हाणीत शिरले, दार लोटलं आणि कडी लावायला हात वर केला, तर बोटांना नुसती चार भोकं लागली. खाली वाकून पाहिलं. तिथंही चार भोकं. टॉवेल तसाच खांद्यावर टाकून मी बाहेर आले. बापू अंगणात राखुंडीनं दात घासत बसले होते. मी विचारलं, "बापू, कडी कुठाय?"

"काढली," बापू म्हणाले. "कडी कशाला पायजे, बाई? गाणं म्हणा की. आवाज येऊ द्या, कुणी आत यायचं न्हाई."

मी नांदेडची. शाळेत नोकरी लागली म्हणून किल्लारीच्या अलीकडच्या या गावात आलेली. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, रुंद रस्ते, एकसारखी घरं. मी गणित शिकवते. गाण्याशी माझा संबंध शाळेच्या प्रार्थनेपुरता, तोही ओठ हलवण्याइतका. त्या दिवशी दाराला भरलेली बादली लावली आणि सतराचा पाढा म्हणत कशीबशी आंघोळ उरकली. घाईत तोंडातून "सतरा चोक चौसष्ट" निघून गेलं, तर अंगणातून बापूंचा आवाज आला, "अडुसष्ट!" माझ्या पदवीचा इतका अपमान आजवर कुणी केलेला नाही.

पन्नाशी ओलांडलेले, काटक, डोक्याला कायम उपरणं गुंडाळलेले बापू. इतरांच्या खिशात तंबाखूची पुडी असते, यांच्या खिशात स्क्रू काढायचा पेचकस. घरातल्या एकाही दाराला कडी नाही. पुढच्या नाही, मागच्या नाही, कपाटालाही नाही. वाऱ्यानं दार उघडू नये म्हणून आतून सुतळीचा एक फास, तोही असा की एका हिसक्यात तुटला पाहिजे. दर अमावस्येला बापू स्वतः हिसका देऊन बघतात. तुटला नाही तर सुतळीवाल्याचा उद्धार होतो. मी म्हटलं, अहो चोर येईल. ते म्हणाले, "येऊ द्या की. न्हेऊन काय न्हेईल? माणूस तर ऱ्हाईल."

घरात प्रत्येकाचं न्हाणीतलं गाणं ठरलेलं. सोजरकाकू, म्हणजे बापूंच्या घरच्या, गणपतीची आरती म्हणतात. बारा महिने. त्यांची लेक रेणुका, वय तेवीस, सिनेमातली गाणी म्हणते आणि बरी म्हणते. माझा पाढा. गल्लीतल्या बायका चुलीपुढं बसूनच सांगतात, आरती झाली, आता बाई गेल्या वाटतं. गाण्यात जरा खंड पडला, डोळ्यात साबण गेला म्हणा किंवा कडवं आठवेना म्हणा, की बाहेरून लगेच, "आवाज येऊ द्या!"

बाकी तयारीही जोरदार. अंगणातल्या लिंबाला एक पिशवी टांगलेली. तिच्यात कागदपत्रं प्लास्टिकमध्ये, बॅटरी, चिवडा, आणि घरातल्या प्रत्येकाची एकेक जुनी चप्पल-जोडी. मी राहायला गेले त्याच आठवड्यात माझीही जोडी मागून घेतली. पावसाळ्यात आभाळ गडगडलं की हीच पिशवी घेऊन ते लिंबाखालून पळतात आणि गल्लीभर ओरडतात, झाडाखाली थांबू नका रे. फळीवर स्टीलच्या गिलासांची उंच चळत असते. जमीन हलली तर पहिल्यांदा ती पडणार, असा हिशेब. गेल्या साली एक उंदीर त्या फळीवरून गेला आणि भरदुपारी अख्खी गल्ली अंगणात उभी. बापूंना त्याची लाज नाहीच. म्हणाले, किती वेळात बाहेर आलो ते बघा की.

एकदा तालुक्याहून एक साहेब आपत्तीची माहिती द्यायला आले. तासभर बोलले. शेवटी काही शंका आहेत का विचारलं, तर बापू उठले आणि म्हणाले, साहेब, तुमच्या घरच्या न्हाणीला कडी हाय का? साहेबांनी हो म्हटल्यावर बापू नुसते मान हलवत खाली बसले. त्याच हप्त्यात त्यांनी आमच्या शाळेतल्या मुलींच्या संडासाच्या कड्या काढल्या. मुलींनी मुख्याध्यापकांना घेराव घातला. शेवटी सुतळीवर तह झाला. माझ्या वर्गातल्या पोरी आजही आत गेल्या की पाढे म्हणतात. गणिताचा निकाल सुधारला, हे मात्र मला कबूल करावं लागतं.

इथवर सगळी गंमत होती. पण रेणुकाचं लग्न या कड्यांपायी अडायला लागलं. पहिलं स्थळ आलं ते निलंग्याचं. मुलाची आत्या न्हाणीत गेली आणि तशीच परत आली. दुसऱ्या वेळी पाहुण्यांनी जेवण छान केलं, घरी जाऊन निरोप धाडला की, घरात डोक्याचा दोष तर नाही ना? रेणुका दोन दिवस न्हाणीत गायली नाही, नुसती खाकरत होती. तिसरं स्थळ अर्धापूरचं, केळीच्या बागायतीचं. पोरगा समंजस, रेणुकाला फोटोवरूनच पसंत. सोजरकाकू माझ्यापुढं रडल्या. "बाई, एक दिसापुरती कडी बसवायला सांगा हो त्यांना. तुमचं ऐकतील."

माझी जीभ तशी तिखटच. मी बापूंना सरळ म्हटलं, "तुमच्या भूकंपाच्या धास्तीपायी पोरगी घरात बसणार आहे. तुम्हाला कड्या प्याऱ्या की लेक?" संध्याकाळी मी औशाहून आणलेली नवी कडी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती बसवली. बसवताना आठ स्क्रूंपैकी तीन खाली पडले, तेव्हा मला वाटलं, वय झालं.

अर्धापूरची मंडळी केळीचा घड घेऊन आली. मुलगा, त्याची आई आणि मामा. मामा म्हणजे धिप्पाड गडी, निर्णय त्यांच्याच हातात असावा अशी बसण्याची तऱ्हा. चहाआधी ते पाय धुवायला न्हाणीत गेले. आतून खट्ट आवाज आला. कडी लागली.

बैठकीत बापूंचं कशातच लक्ष नव्हतं. मुलाची आई रेणुकाच्या शिक्षणाचं विचारत होती आणि बापू दाराकडं बघत होते. मग ते उठले. न्हाणीपाशी जाऊन म्हणाले, "पाव्हणं, आवाज येऊ द्या." आतून काही नाही. दारावर थाप मारली. काही नाही. नंतर कळलं, मामांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं आणि आत नळ सोडलेला होता. सोजरकाकू बापूंना धरायला गेल्या तोवर ते गोठ्यातून पहार घेऊन आले होते. बिजागरीत घातली, दोन दणके दिले आणि दार चौकटीसकट वाकडं होऊन अंगणात आलं.

आत मामा. धोतर गुडघ्यापर्यंत, एक पाय दगडावर, हातात तांब्या.

"अहो," मामा म्हणाले, "मी पाय धुऊन राहिलो होतो ना."

मी हसले. एकटीच. तोंडावर पदर धरला तरी हसू आवरेना. मग बापूंकडं लक्ष गेलं आणि हसू जिथल्या तिथं थांबलं. ते खाली जमिनीवर बसले होते. त्या पडलेल्या दाराची कडी दोन्ही हातांनी मागं ओढत होते, दार तर केव्हाच उघडलं होतं तरी.

"मीच लावली होती," ते म्हणाले. "बाहेरून."

कुणाला काही कळेना. मग तुटक तुटक कळलं. भूकंपाच्या त्या रात्री विहिरीवरच्या मोटारीला लाइट होती म्हणून बापू उसाला पाणी द्यायला निघाले होते. अठरा-एकोणीस वर्षांचे. घरात आई आणि धाकटी बहीण झोपलेल्या. कुत्रं आत शिरू नये म्हणून त्यांनी जाताना बाहेरून कडी घातली.

"माघारी आलो तर घर न्हाई. चौकट तेवढी हुबी. कडी तशीच घातलेली." बापूंनी उपरणं तोंडावरून फिरवलं. "हाका मारल्या. आवाज आला न्हाई. समदे म्हणतेत दगडा-मातीचं घर, उघडं असतं तरी पडलंच असतं. मला बी कळतंय. पर कडी मी लावली होती."

सोजरकाकू तीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा ऐकत होत्या. मला माझ्याच बोलण्याची इतकी लाज वाटली की मान वर करवेना. गाणं आमच्या अब्रूसाठी नव्हतंच. ते बापूंना ऐकायला लागत होतं. आत माणूस आहे, एवढं कळायला.

मामा ओल्या पायानं बाहेर आले आणि त्यांच्याशेजारी बसले. मग तांब्या उचलून म्हणाले, "एक पाय धुवायचा राहिला हाय, दाजी." आणि बिनदाराच्या न्हाणीत जाऊन, सूर कशाशी खातात हे ठाऊक नसलेल्या आवाजात, त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं भजन सुरू केलं. दुसरा पाय धुवायला त्यांना चार कडवी लागली. सोयरीक त्याच दिवशी ठरली.

रेणुकाच्या सासरी प्रत्येक दाराला दोन-दोन कड्या आहेत. बापू पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा तिनं उंबऱ्यावरच त्यांच्या खिशातला पेचकस काढून घेतला आणि त्याबदल्यात एक कबूल केलं. रोज सकाळी आंघोळ करून बाहेर आली की ती बापूंना मिस कॉल देते. एकच रिंग. तोवर बापू चहा घेत नाहीत.

आज रविवार. मिस कॉल अजून यायचा होता. बापू फोन हातात धरून लिंबाखाली येरझाऱ्या घालत होते. काकू म्हणाल्या, सुट्टी हाय, निजली असंल लेकरू. बापूंनी मला अर्धापूरला जायला मुदखेडवरून बरं की नांदेडवरून, ते दोनदा विचारलं. मग फोन एकदा वाजला आणि बंद झाला.

"निघाली बाहेर," बापू म्हणाले आणि मटकन खाली बसले. काकूंनी चहा पुढं केला. घर तसं गप्पच होतं. सिनेमातलं गाणं आता नाही, काकूंची आरती पहाटेच होऊन गेलेली.

"बाई, तुमी जावा आता आंघोळीला," ते म्हणाले. "आवाज येऊ द्या."

मी न्हाणीत गेले, नवं बसवलेलं दार लोटलं, सुतळी अडकवली आणि सतराचा पाढा सुरू केला. गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. सतरा त्रिक एक्कावन्न झालं. मग मी मुद्दाम म्हटलं, सतरा चोक चौसष्ट, आणि तांब्या हातात धरून थांबले.

"अडुसष्ट!" बाहेरून बापू म्हणाले.