बर्थाबाईंसाठी योग्य ती लेन्स

पाचूबंदरच्या सिमिट्रीत, म्हणजे दफनभूमीत, जोसेफच्या क्रूसावर जो फोटो आहे, त्यात जोसेफच्या डाव्या खांद्यावर एक हात आहे. हा हात कुणाचा, हे आजतागायत निश्चित झालेले नाही. जोसेफ गेला तेव्हा घरात त्याचा एकट्याचा फोटोच निघेना. शेवटी कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो कापून घेतला. कापणाऱ्याने आजूबाजूचे चेहरे व्यवस्थित काढून टाकले, पण खांद्यावरचा हात काढायचा तर शर्टही गेला असता. म्हणून हात राहिला. त्या हातात सोनेरी पट्ट्याचे घड्याळ आहे. दरवर्षी नोव्हेंबरात मृतात्म्यांच्या दिवशी माणसे मेणबत्ती लावायला येतात, आधी हळहळतात आणि मग हळूच विचारतात, "हात कोनाचा?"

जोसेफची बायको बर्था हा प्रश्न ऐकून ऐकून विटली होती. एका सकाळी मासळीची पाटी घेऊन बाजाराला निघताना ती दारात थांबली आणि मुलाला म्हणाली, "जेसन, माझा एक चांगला फोटो काढून ठेव. एकटीचा. खांदे दोनी माझेच पायजेत."

जेसनचा आईवर जीव होता. खिशात फोन होता, बाहेर कोवळे ऊन होते आणि आई चांगली दारात उभी होती. पण जेसन शिकलेला, अंधेरीच्या बँकेत नोकरीला. अशा माणसाकडून काम इतक्या सहज कसे उरकणार?

"फोनवर नको गं आय," तो म्हणाला. "क्रूसावर जायचा फोटो आहे, कायमचा. मी नीट डीएसएलआर कॅमेराच घेतो."

"घे," बर्था म्हणाली. तिला वाटले, पोरगा संध्याकाळी कॅमेरा घेऊन येईल. बिचारी.

पहिलाच कॅमेरा, फसायला नको, म्हणून जेसन हौशी छायाचित्रकार संघात गेला. हा संघ दर रविवारी तुळिंजला, एका शिकवणीच्या वर्गात भरतो. संघात काढलेले फोटो कुणी कुणाला दाखवत नाही. तो उथळपणा समजला जातो. फोटो कशाने काढावा, यावर तिथे विचारविनिमय होतो. अध्यक्ष संग्राम सर यांनी सर्व लेन्स एकाच बॅगेत घालून वर्षानुवर्षे वाहिल्यामुळे त्यांचा उजवा खांदा कायमचा उतरला होता. तो अधिकाराचा पुरावा मानला जाई, आणि बॅगेत एकच लेन्स असलेले नवे सभासदही मग जरा तिरके चालत.

"विषय?" सरांनी विचारले.

"आई," जेसन म्हणाला.

"आई हा विषय नव्हे. पोर्ट्रेट म्हणा. स्थिर की हलती?"

"मासे विकते."

"म्हणजे हलती," सर सभेकडे वळून म्हणाले, आणि सभा चिंतेत पडली.

"कॅमेऱ्यासोबत येते ती साधी लेन्स घेतली तर?" जेसनने भीत भीत विचारले. सचिव ज्ञानदा मॅडम यांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "पहिल्यांदा आलात, म्हणून ऐकून घेतलं."

संघात दोन पक्ष होते. एक झूमवाल्यांचा, ते जागचे न हलता माणूस जवळ ओढत. दुसरा, ज्यांची लेन्स हलत नाही म्हणून स्वतःलाच मागेपुढे व्हावे लागते, अशांचा. दोन्ही पक्षांचा चहा वेगळा येई. बर्थाबाईंचा प्रश्न पुढे आल्यावर ही फूट अधिकच रुंदावली. अनेक रविवार चर्चा होऊन हलणाऱ्या छायाचित्रकारांच्या लेन्सला कौल मिळाला, पण तिला अंतर पुष्कळ लागते अशी शंका निघाली. तेव्हा स्थळपाहणी ठरली.

स्थळपाहणीला संघ पाचूबंदरला आला. बर्थाने जपून ठेवलेले लुगडे नेसले, गळ्यात सोने घातले आणि ती स्टुलावर ताठ बसली. संघाने आधी तिच्या हातचे बोंबील खाल्ले, मग टेप लावून खोली मोजली. तेवढे अंतर गाठायचे तर जेसनची पाठ भिंतीला लागूनही दोन हात कमी पडत होते. एक तर जेसनमागची भिंत सरकवावी किंवा आई मागे, असे मत पडले. पण आईच्या मागे चूल होती. खिडकीतून येणाऱ्या प्रकाशाबद्दल ज्ञानदा मॅडम यांनी नापसंती नोंदवली. आलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा होता. फोटो कुणीही काढला नाही, कारण तो विषय त्या दिवशी सभेपुढे नव्हता.

निघताना संग्राम सरांनी हवा हुंगली. "समुद्र किती लांब?"

"हा काय, मागल्या दारी," बर्था म्हणाली.

सरांचा चेहरा उतरला. "खारी हवा. लेन्सला बुरशी लागणार. आधी कोरडं कपाट घ्या. कॅमेरा नंतर."

तर आधी कपाट आले. काचेचे, विजेवर चालणारे, आत निळा दिवा असलेले. त्यासाठी घरातली कोरडी जागा म्हणजे अल्ताराच्या, येशूच्या देव्हाऱ्याच्या, बाजूची. तिथला सुकटीचा डबा अंगणात गेला. मग कॅमेरा आला, लेन्स आली आणि दोन्ही कपाटात गेली. संघाच्या सूचनेनुसार, ओले लुगडे नेसून बर्थाने त्या कोपऱ्यात फिरकायचे नव्हते. जिच्या फोटोसाठी हे सगळे चालले होते, ती बाई कपाटापासून लांब, दाराशी बसून रोझरीची प्रार्थना म्हणू लागली. अल्तारावरचा दिवा विझला तर जेसनला कळतही नसे. कपाटातला मात्र विझला की तो ताडकन उठे.

तरीही फोटो लगेच काढता येत नव्हता. लेन्स कडेकडेला धारदार आहे की नाही, म्हणजे कडेचेही स्पष्ट टिपते की नाही, हे तपासायला भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून त्याचे फोटो काढावे लागतात. जेसन ऑफिसातून आला की कपाट उघडी, पेपरचे फोटो काढी आणि कॉम्प्युटरवर मोठे करून कोपऱ्यातली निविदा सूचना वाची.

"पेपरचं फोटो कशाला काढतंस?" बर्थाने एकदा विचारले. "तो काय मरनार हाय?"

जेसन पडद्यावर आणखी वाकला. कोपऱ्यातले अक्षर किंचित पुसट येत होते. त्याने लेन्स बदलून घेतली आणि नव्या पेपरपासून पुन्हा सुरुवात केली. दोन पावसाळे गेले. या काळात जेसनची संघाच्या आर्द्रता उपसमितीवर निवड झाली. उमेळ्याहून परेश नावाचा एक नवा मनुष्य आपल्या नुकत्याच चालू लागलेल्या मुलीच्या फोटोसाठी कॅमेरा विचारायला आला, तेव्हा जेसननेच त्याला विचारले, "विषय स्थिर की हलता?" परेशची मुलगी आता शाळेत जाते. त्याच्या घराची स्थळपाहणी बाकी आहे.

आणि मग एका रविवारी, कॅमेऱ्याच्या कंपनीची नसलेल्या, तिऱ्हाईत कंपनीच्या लेन्सची बाजू मांडता मांडता संग्राम सर खुर्चीतच गेले.

शोकसभा त्याच वर्गात ठेवली. हार आला, उदबत्ती आली, टेबलावर पांढरी चादर आली. फोटो कुठे आहे, असे ज्ञानदा मॅडम यांनी विचारले, तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. भराभर फोन, कार्डे, लॅपटॉप उघडले गेले. सरांच्या बॅगेचे फोटो निघाले. त्यांच्या लेन्सचे तर सर्व बाजूंनी निघाले. सर मात्र कुणाकडेच नव्हते. बऱ्याच शोधानंतर अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरच्या शिबिराचा एक गट-फोटो हाती लागला. तो एका शहाळेवाल्याने कुणाच्या तरी फोनवर काढून दिला होता. तोच कापला, मोठा केला आणि हार घातला.

बर्था शोकसभेला आली होती. माणूस आपल्या घरी बोंबील खाऊन गेला होता, यायलाच हवे. तिने हात जोडले, फोटोकडे नीट पाहिले आणि वाकून जेसनला विचारले, "हात कोनाचा?"

सरांच्या उतरलेल्या खांद्यावर एक हात होता. जेसनने त्यावरचे आपले घड्याळ ओळखले.

"माझा, आय."

मागच्या रांगेत, फोटोतल्या सावल्यांचा पोत बिघडला आहे, असे कुणी तरी दबक्या आवाजात सांगत होते. झूमवाल्यांचे डोळे पुसून झाले होते आणि त्यांचा चहा आला होता.

सभा संपल्यावर ती बाहेर जिन्याशी थांबली. अंगावर तेच जपलेले लुगडे. जेसनच्या खांद्याला कॅमेऱ्याची बॅग होती.

"आता काढ," ती म्हणाली.

जेसनने तिच्याकडे पाहिले. आई म्हातारी झाली होती. हे त्याने पेपर वाचता वाचता पाहिलेच नव्हते. त्याने घाईने कॅमेरा काढला, डोळ्याला लावला आणि खाली घेतला.

"आय, ऊन मागून येतंय गं. तोंड काळं येईल. चार वाजेपर्यंत थांबू, मस्त लाइट येईल."

"चारला मी बाजारात असते," बर्था म्हणाली. तिने रिक्षाला हात केला आणि बसता बसता म्हणाली, "राहू दे पोरा. मी गेल्यावर तुझ्यामाझ्या फोटोतनं काप. खांद्यावर तुझा हात राह्यला तरी चालंल. कोनी विचारलं तर सांगता तरी येईल."

त्या संध्याकाळी जेसन आई आणि आपण असा एकत्र फोटो शोधत बसला. निविदा सूचना भरपूर निघाल्या, अगदी कडेपर्यंत धारदार.

आपण जेसनला हसलात, ते ठीकच आहे. माणूस आहेच तसा. आता जरा तुमचा फोन उघडा आणि तुमच्या आईचा एकटीचा, समोर केक नसलेला, एक फोटो शोधून दाखवा. नसेल तर घोळक्यातला चालेल. फक्त तिच्या खांद्यावर हात कुणाचा आहे, तेवढे बघून ठेवा.