फसफसत्या चहाची सोयरीक

देवाने माणसाला जीभ एकच दिली, पण तिला कामे दोन सांगितली: चव घेणे आणि त्याचे नाव घेणे. मत देणे हे तिसरे काम सुशिक्षित माणसाने स्वतःच्या हिमतीवर शोधून काढले. त्याबद्दल त्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

आमच्या भाचीचे लग्न ठरण्याच्या बेतात होते. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती (ही बाब गौण). निर्णय मुलाच्या आईचा, आणि त्या पडल्या आस्वादतज्ज्ञ. सून कुठल्याही घरातली चालेल, पण त्या घराला जीभ हवी, एवढीच त्यांची माफक अट. म्हणून रविवारी दुपारी आम्हाला त्यांच्या दिवाणखान्यात आस्वादनासाठी पाचारण करण्यात आले.

दारातच भाचीने माझा हात दाबला. "मामा, एवढं सांभाळून घे रे. कडू म्हणू नकोस."

"अगं, औषध समजून घेईन."

"तसलं तोंडसुद्धा करू नकोस!"

प्रत्येकापुढे नखाएवढे काळे चॉकलेट आणि उंच पेल्यात थंड, फसफसणारा चहा. (दूध नाही, साखर नाही, वाफ नाही. तो चहा असल्याचे यजमानांनी सांगितले.) नियम सोपे होते. चॉकलेट चावायचे नाही; ते जिभेवर आपणहून विरघळेपर्यंत धीर धरायचा. मग डोळे मिटून चहाचा घोट घ्यायचा आणि काय आठवले ते सांगायचे. 'छान' हा शब्द वर्ज्य. जंगल चालते, जुने कातडे चालते, आजोबांचे कपाट तर फारच चालते. (कपाट कोणी चाटले होते, असे विचारू नये.) एका अनधिकृत पाहणीनुसार दहांपैकी नऊ जणांना यातले काहीच लागत नाही. दहावा यजमान असतो.

ताईला लाकडी पेटी आठवली. भावजींना ओली माती. विहीणबाईंनी दोघांनाही नुसते "हं" दिले. भाचीचा चेहरा उतरला.

आता सगळी भिस्त माझ्यावर. निरूपण ऐकून ऐकून डोळे मिटून डोलायची मला सवय आहे. तेवढे उत्तम जमले. घोट घेतला. त्या चहातला सगळा वायू माझ्या पोटाला प्रदक्षिणा घालून परत आला, आणि दिवाणखान्यात खणखणीत ढेकर उमटली.

ताईने कपाळाला हात लावला. भाची भिंतीकडे बघू लागली.

"थांबा. कुणी बोलू नका," विहीणबाई डोळे मिटून म्हणाल्या. "उत्तरस्वाद! घोटानंतर परतून येणारा स्वाद! आजवर वाचला होता. ऐकला आज."

नियमावलीत तत्काळ दुरुस्ती झाली. घोटानंतर ढेकर आवश्यक. न आल्यास जीभ कच्ची समजावी. भावजी भिडस्त, लाल होईपर्यंत झटत होते. "अहो व्याही, पोटातून येऊ द्या, लाजताय काय!" असे म्हणत विहीणबाईंनी स्वतः दोनदा करून दाखवले. सोयरीक पक्की झाली.

पोरे मात्र दिसेनात. शोधत गेलो तर दोघे स्वयंपाकघरात, गरम चहात बिस्कीट बुडवत उभी.

"कसा झालाय?" त्याने विचारले.

"छान," भाची म्हणाली.

मी झटकन दार लोटून घेतले. विहीणबाईंच्या कानावर गेले असते तर ठरलेले लग्न मोडले असते.

वाचकहो, हसू नका. परवा त्या अवघड नाटकानंतर "काय खोली आहे!" असे तुम्हीच म्हणालात ना? मी शेजारच्याच खुर्चीत होतो. तुमचे घोरणे पहिल्या अंकापासून ऐकत होतो.