मटणाला एकच पुनर्जन्म

मेश्रामकाका पुनर्जन्म मानत नाहीत. "आमच्या बापानं बुद्धाची दीक्षा घेतली तवाच ते मिटलं," म्हणतात. अपवाद फक्त शिजवलेल्या मटणाचा. "त्याले एकडाव उठवाचं. दुसऱ्यांदा नाही." म्हणजे गोठवलेलं मटण एकदाच गरम करायचं, उरलं तरी पुन्हा फ्रीजरमध्ये घालायचं नाही.

नागपूरच्या आमच्या इमारतीत ते माझ्या समोरच्या घरात एकटे राहतात. कुणाकडेही रस्सा उरला की त्यांना सुगावा लागतो. "पातेलं तसंच कोंबू नका गा. चपट्या डब्यात काढा, निवलं का लगेच आत टाका." कोळंबीवर तर विशेष संशय. "इथं समुद्र हाये काय? ते पोहत नाही आली, बर्फात झोपून आली."

मे महिन्यात खालच्या मजल्यावरच्या शोभानं गोठलेलं मटण सकाळपासून ओट्यावर सुटायला ठेवलं होतं. काका दारातूनच ओरडले, "काहून वं शोभा, जंतूंची पंगत बसवून राहिली काय?"

"काका, तुम्ही त्या फ्रीजमध्येच राहाले जा ना! उन्हाळा तरी बरा जाईल."

काकांनी खरंच विचार केला. "जागा नाही. कोळंबी हाये."

पावसाळ्यात माझी आई गेली. घरात आम्ही दोघंच होतो. मी स्वयंपाकघरात जाणंच सोडलं. चहा, बिस्किटं आणि हातात पुस्तक. पान मात्र तेच. तेव्हा काका आले, दगडासारखा गोठलेला मटणाचा डबा घेऊन. "सुधाकर, हे आता फ्रीजरमध्ये ठेव, झोपताना खालच्या कप्प्यात उतरव. रातभर हळूहळू सुटू दे. उद्या चांगली खळखळ उकळी आण, मंग खा."

"आणि आज?"

"आजचं तू पाह्य."

मला रागच आला. समोर त्यांच्या घरातून ताज्या रश्श्याचा वास येत होता. मी डबा फ्रीजरमध्ये टाकला आणि विसरलो. काका विसरले नाहीत. रोज संध्याकाळी दार वाजायचं. "उद्याचं उतरवलं काय गा?" नाही म्हटलं की परत जायचे.

शेवटी मी चिडलो. "काका, गरमच का नाही देत? उपाशी माणसाला बर्फ कोण देतं?"

ते उंबऱ्यातच उभे राहिले. "तुयी काकू गेली तवा सारे गरमच आणत. मी खाऊन घेई, डबा परत. मंग बसून राहो. उद्याचं म्हणून घरात काहीच नसे." मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "लई कठीण जाय मले."

मी आत गेलो. डबा फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवला. चपटा होता, पण एकट्यासाठी जास्तच होता.

"दोघांना पुरेल," बाहेर येऊन मी म्हणालो. "उद्या जेवायला येता?"

"पोळ्या मी आणतो," ते लगेच म्हणाले. आणि मग, पाहुण्यासारखे अवघडून, "किती वाजता येऊ?"