प्रशासनाच्या स्मारकाला लावलेला कौल

आपला बेत कधी फसत नाही, असं हर्षदा स्वतःच सगळ्यांना सांगत असे. कार्ल्याजवळच्या त्या खासगी विद्यापीठाची तऱ्हाच अशी, की भुशीचं धरण पायऱ्यांवरून ओसंडत असलं तरी मुलींच्या वसतिगृहात नळाला थेंब येत नाही. कुलसचिव मयेकरसाहेबांकडे तीन अर्ज गेले आणि तिन्ही तिथंच मुरले. तेव्हा हर्षदानं निष्कर्ष काढला, की हे प्रशासन केव्हाच वारलेलं आहे. आणि वारलेल्याचं स्मारक तर व्हायलाच हवं.

खोलीतल्या चैतालीला हाताशी धरून तिनं संध्याकाळी ऑफिससमोरच्या बागेत एक उभट दगड रोवला. मजकूर तयार होता: 'येथे प्रशासन चिरनिद्रा घेत आहे. उठवू नये, उपयोग नाही.' पांढरी अक्षरं उठून दिसावीत म्हणून दगडाला गेट रंगवून उरलेला शेंदरी प्रायमर फासला. अक्षरं सकाळी काढायची होती. पण मावळात जिथं टॉवेल वाळत नाही तिथं प्रायमर काय वाळणार? सकाळी बघते तर रंग ओलाच. बोटं चिकटली. ती तिथंच उकिडवी बसून तळव्यावर तळवा घासत राहिली आणि पावलं वाजली तशी पळाली.

नाश्त्याच्या वेळेपर्यंत दगडापुढं नारळ फुटला होता. गळ्यात झेंडूचा हारही पडला होता.

मयेकरसाहेबांनी फर्मान सोडलं, की दगड काढा आणि ठेवणारा शोधा. दगड काढायला कुणी तयार होईना. "शेंदूर लागल्याव त्यो दगूड ऱ्हात न्हाई सायेब, द्येव व्हतो," वॉचमन सोपाननं सांगितलं. मग उरलं ते ठेवणाऱ्याला शोधणं. सापडली तर हर्षदाचं नाव विद्यापीठातून कमी होणार होतं आणि तिकडे तळेगावात आई स्थळं बघायला मोकळी होणार होती.

तेव्हापासून हर्षदाला जो तो फितूर दिसू लागला. खुर्चीतून कधी न हलणारा सोपान तिला बघून उभा राहिला. का? मेसमधल्या कस्तुराबाईंनी न मागता दोन पुऱ्या जास्त वाढल्या आणि मान खाली घातली. बळी देण्याआधी बोकडाला खाऊ घालतात, ते तिला आठवलं. चैताली तर फोन आला की गॅलरीत जायची.

"तू कुणाला बोललीस का?"

"मी कशाला बोलू? तूच झोपेत बडबडतेस."

त्या दिवसापासून हर्षदा तोंडाला ओढणी बांधून झोपू लागली.

अखेर साहेबांचं बोलावणं आलं. आत कस्तुराबाई बसल्या होत्या, तेही खुर्चीवर. संपलं, हर्षदानं मनात म्हटलं.

"सर, मी सांगणारच होते..."

"दार लाव आधी," साहेब म्हणाले. "कस्तुराबाईंनी सगळं सांगितलंय. तुला दृष्टांत झाला म्हणे."

"म्या बघितलं ना, पोरी. सक्काळी हात जोडून बसलीवतीस त्याच्यापुढं," कस्तुराबाई म्हणाल्या. "लपवतीस कशापायी?"

साहेबांनी आवाज उतरवला. "मला दुसऱ्या विद्यापीठातून बोलावणं आहे. जावं की राहावं, ठरत नाही. तू कौल लाव. देवाच्या दोन्ही अंगांना एकेक पाकळी लावायची. उजवी पडली तर राहतो, डावी पडली तर जातो."

देव असतो, हे हर्षदाला त्या क्षणी मनापासून पटलं. साहेब जाणार, आणि तेही तिच्या हातून!

अख्खं ऑफिस बागेत जमलं. दगडाची उजवी बाजू सावलीत असल्यामुळे अजून ओली होती. तिथं तिनं पाकळी अंगठ्यानं चेपून बसवली. डावी बाजू उन्हानं सुकली होती. तिथं पाकळी नुसती टेकवली. डोळे मिटून तिनं हात जोडले, या खेपेला खरोखरचे. वाऱ्याची झुळूक आली आणि डावी पाकळी खाली पडली.

"जा म्हणतोय देव," हर्षदा म्हणाली. आनंद तिच्या आवाजात मावत नव्हता.

साहेब हसले. "वेडे, ही तुझी डावी. मी राजापूरचा, कौल बघतच वाढलो. बाजू आपली धरत नाहीत, देवाची धरतात. देव आपल्याकडे तोंड करून बसलाय."

"व्हय की," कस्तुराबाईंनी गालावर हात मारून घेतले. "द्येवाची उजवीच पडली. ऱ्हावा सायेब, कुटं जाऊ नगा."

साहेबांचे डोळे भरून आले. "निवृत्तीपर्यंत आता इथंच," ते म्हणाले आणि दगडापुढं आडवे झाले.

हर्षदानं शेवटचा धीर गोळा केला. "सर, देवाला पाणी लागेल. रोज आंघोळ घालायला."

तासाभरात टँकर दारात उभा राहिला. देवाला आता सकाळ-संध्याकाळ अभिषेक असतो. वसतिगृहातल्या मुली बादल्या घेऊन तीर्थाला रांग लावतात. हर्षदा पुजारीण, तेव्हा सगळ्यांच्या बादल्या भरून द्यायचं काम तिचं. तिचा नंबर येईपर्यंत टँकर संपतो.